लेपाचं वाण

परीक्षक क्रमांक दोनचं मत आलं तेव्हा डॉ. समाधान बोरस्ते यांचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत एका म्हशीत होता. खिशातला मोबाइल दोनदा थरथरला. म्हैस गाभण नाही, ही वाईट बातमी त्यांनी मालकाला सांगितली, हात धुतला आणि स्वतःची वाईट बातमी वाचायला सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसले.

पीएच.डी.चं हे सातवं वर्ष होतं. प्रबंध द्यायचा तर आधी एक शोधनिबंध बऱ्यापैकी नियतकालिकानं स्वीकारलेला हवा आणि त्यावर उमेदवाराचं नाव पहिलं हवं, असा विद्यापीठाचा नियम. एकतीस मार्चला नोंदणी रद्द होणार होती आणि आज अठरा फेब्रुवारी होती. पहिल्या नियतकालिकानं आठ महिने ठेवून घेऊन नाही म्हटलं. दुसऱ्यानं अकरा मिनिटांत नाही म्हटलं, आणि त्या अकरा मिनिटांत त्यांनी काय वाचलं असेल याचा विचार डॉक्टर अजून अधूनमधून करत. हे तिसरं होतं. चौथ्याला वेळ नव्हता.

विषय साधा होता. गाईची कास सुजून दूध नासतं त्या रोगाला गावात दगडी म्हणतात. त्यावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप किती चालतो, ते डॉक्टरांनी गेल्या वर्षी निफाडजवळच्या एका गावात तपासलं. दगडीची नुकती सुरुवात असलेल्या चाळीस गाई घेतल्या. वीस गाईंच्या मालकिणींना लाल झाकणाचे डबे दिले, त्यात खरा लेप. उरलेल्या वीस जणींना हिरव्या झाकणाचे, त्यात रंग घालून कालवलेलं बेसन. कुठल्या डब्यात काय, हे बायकांना सांगितलं नव्हतं. शास्त्राची तशी रीतच आहे. चार आठवडे डॉक्टर दर दोन दिवसांनी फटफटीवरून जाऊन दूध तपासत होते.

नियतकालिक ज्यांच्याकडून निबंध तपासून घेतं, त्यातला परीक्षक क्रमांक दोन हा माणूस कोण, कुठला, हे लेखकाला कधीच कळत नाही. त्यानं लिहिलं होतं, 'दोन आठवडे हिरव्या गटातली एकही गाय सुधारत नाही. पंधराव्या दिवसापासून विसाच्या वीस सुधारू लागतात. बेसनानं हे कसं घडलं? समाधानकारक खुलासा आल्याशिवाय निबंध स्वीकारू नये.'

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. तो कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी त्यांची आशा होती.

दुपारी ते गावात गेले. दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर रंगूबाई ढोमसे बसल्या होत्या. महिला दूधगटाच्या त्या अध्यक्ष, आणि त्यांची चांदी ही लाल गटातली पहिली गाय. शेजारी हिरव्या गटातल्या कुसाबाई होत्या.

"मावशी, मागच्या वर्षी औषध चालू होतं, तेव्हा मधेच काही झालं होतं का?"

"काय नाय झालं," रंगूबाई म्हणाल्या. "तुमी सांगितलं तसं रोज लावलं. एक दिस खाडा नाय."

"आपापल्या डब्यातलंच ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आता डॉक्टर," रंगूबाई सावकाश म्हणाल्या, "आठ-दहा दिसांत आमाला कळलंच व्हतं, लालवाल्यांना गुण येतोय. हिरव्यावाल्यांच्या गाईंनी काय घोडं मारलं व्हतं? ही कुसाबाई माझ्याशी बोलना. तेवढ्यात संक्रांत आली. मग म्हनलं, औंदा हळदीकुंकवाला पलॅष्टिकच्या वाट्या कशाला, लेपच वाण देऊ. हळदीचाच तर हाय. आमी वीस जणींनी वीस जणींना लाल डबं दिलं."

डॉक्टरांनी ओट्याचा खांब धरला. तरीही त्यांच्या मनात एक हिशेब चालू होताच. डबे दिले असले तरी लाल गटाच्या गाईंना काही दिवस लेप मिळालाच होता.

"म्हणजे पंधरवड्यानंतर तुमच्या गाईंना काहीच लावलं नाही?"

"आसं कसं? तुमी खाडा करू नका म्हनला व्हता ना. डबं परत आलं की आमचं."

"रिकामे डबे?"

कुसाबाईंना हे लागलं. "रिकामा डबा परत करीत आस्त्यात व्हय? आमच्याकडं हिरव्या डब्यातलं पडून व्हतं. त्येच भरून दिलं सगळ्यांनी."

म्हणजे पंधराव्या दिवसापासून हिरव्या गाईंना लेप आणि लाल गाईंना बेसन. गावातली एकही बाई चुकली नव्हती, एकीनंही खाडा केला नव्हता, आणि सात वर्षं पाण्यात गेली होती.

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं का?" रंगूबाई म्हणाल्या. "तुमी यायचं, गाईला बघायचं, गाईचं दूध घ्यायचं आन जायचं. आमाला काय इचारलं व्हतं?"

डॉक्टर घरी आले आणि संपादकांना पत्र लिहायला बसले. पत्नी दीपमाला चहा ठेवून म्हणाली, "रागात आहात. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवा."

"वाचण्यासारखं त्यात काही नाही."

पत्रात त्यांनी वाण, डबे, बेसन सगळं खरं लिहिलं. मग उरलेला संताप बाहेर आला. 'या प्रयोगाची रचना प्रत्यक्षात श्रीमती रंगूबाई ढोमसे यांनी केली. मी फक्त डबे वाहिले. तरी सगळं श्रेय त्यांना द्यावं आणि मला मोकळं करावं.' हे सगळं त्यांनी चांगल्या सभ्य इंग्रजीत लिहिलं, आणि तिथंच घोटाळा झाला. टोमणा मराठीत मारला तर गल्लीच्या टोकापर्यंत कळतो. इंग्रजीत तो विनयासारखा दिसतो.

वीस दिवसांनी उत्तर आलं. निबंध स्वीकारला होता.

परीक्षक क्रमांक दोन हर्षभरित झाला होता. अर्ध्यावर दोन्ही गटांची औषधं बदलली की प्रत्येक गाय स्वतःचीच साक्षीदार होते. शास्त्रात अशा चाचणीला मोठा मान आहे आणि ती आखायला भलेभले कचरतात. हिरव्या गाई बदलानंतरच सुधारल्या, लाल गाई लेपावर आधीच बऱ्या झाल्या आणि बेसनावर गेल्यावरही बऱ्या राहिल्या, म्हणजे लेपाचा गुण दोनदा सिद्ध झाला. 'आपण दाखवलेला प्रामाणिकपणा संशोधनात दुर्मीळ आहे,' संपादकांनी लिहिलं होतं. 'आपल्या इच्छेनुसार पहिलं नाव श्रीमती ढोमसे यांचं ठेवलं असून आपलं दुसरं आहे. क्रम बदलायचा झाल्यास सोबतच्या फॉर्मवर त्यांची संमतीची सही लागेल.'

डॉक्टरांनी विद्यापीठात फोन लावला. तिथे महेश नावाचा कारकून होता.

"सर, तुमचं नाव दुसरं आहे. चालत नाही."

"एक सही आणली की पहिलं होतं."

"मग आणा ना. एकतीसला सुट्टी आहे, तीसच्या आत आणा." महेशनं जरा विचार केला. "त्या बाईंचं शिक्षण किती?"

"चौथी."

"मग त्यांनाही पीएच.डी. देता येणार नाही," महेश म्हणाला.

सही मिळणं अवघड नव्हतं. डॉक्टरांनी रंगूबाईंना फोन करून सांगितलं, तुमचं नाव परदेशातल्या पुस्तकात पहिलं छापून येतंय, एका कागदावर सही लागेल, परवा येतो. यातलं पहिलं वाक्य सांगायची काही गरज नव्हती.

परवा ते गेले तेव्हा संकलन केंद्रासमोर फ्लेक्स लागलेला होता. 'जागतिक संशोधिका रंगूबाई गोटीराम ढोमसे यांचे हार्दिक अभिनंदन.' रंगूबाई हात जोडून उभ्या, मागे चांदी, आणि चांदीच्या मागे फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं घातलेला बर्फाचा डोंगर. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत सरपंच, केंद्राचे सचिव, आणि शेवटी दवाखान्यातल्या फलकावरून उचललेला डॉक्टरांचा फोटो. त्याखाली लिहिलं होतं, 'डॉ. समाधान बोरस्ते, पीएच.डी.'

डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. रंगूबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या.

"हे पीएच.डी. कुणी लिहायला सांगितलं?"

"मीच. फ्लेक्सवाला म्हनला, झालं का त्यांचं? म्हनलं, सात वर्सं फटफटीवर हिंडतोय मानूस, झालंच आसंल. चुकलं का काय?"

"नाही."

"सही कुठं करू? सकाळपासून घटवून ठिवलीया." त्यांनी दुधाच्या पावत्या पुढे केल्या. पावत्यांच्या मागे वीस-पंचवीस सह्या होत्या. वरच्या ओळीतल्या डगमगत होत्या, खालच्या सरळ झाल्या होत्या.

फॉर्म डॉक्टरांच्या खिशात होता. तो इंग्रजीत होता. रंगूबाईंनी त्यात काय लिहिलंय असं विचारलंही नसतं, दाखवाल तिथं सही केली असती, आणि फ्लेक्स होता तसा राहिला असता. कुणाला काहीच कळलं नसतं. परीक्षक क्रमांक दोनलासुद्धा कळलं नसतं. डॉक्टरांनी खिशात हात घातला, मग तो तसाच बाहेर काढून पिशवीतून निबंधाची छापील प्रत काढली.

"यावर करा. इथं, तुमच्या नावाखाली."

रंगूबाईंनी श्वास धरून सही केली. कुसाबाईंनी ती लांबून, जवळून अशी दोनदा पाहिली. "आन हा कागद कुनाला पाठवायचा?"

"कुणाला नाही. तो तुम्हीच ठेवा."

निघताना रंगूबाई लाडूंचा डबा घेऊन आल्या. डबा पाहून डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

"डबा नको, मावशी. डब्याचं मला काही सांगू नका."

"मग देऊ कशात? कागद तरी हाय का एखादा?"

डॉक्टरांनी खिशातला फॉर्म काढला आणि उघडून पुढे धरला. तो चांगला जाड कागद होता. पाच लाडू त्यात नीट बसले.

घरी दीपमाला दारातच उभी होती. "झाली सही?"

"झाली," डॉक्टर म्हणाले, आणि पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती सोडली. सहीसाठी आखलेल्या चौकोनात तुपाचा डाग पडला होता.