मालकांचा कोट आणि दोन घंटांमधली शांतता

लॉन्ड्रीतले लोक मॅनेजरला पाठीमागे ‘तोफ’ म्हणत, आणि गेल्या महिन्यापासून या तोफेला धडाडायची सक्त मनाई होती. त्याच्या आरडाओरड्याला कंटाळून दोन चांगले कामगार सोडून गेले, तेव्हा मालकांनी त्याला करुणामय नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं आणि निघताना बजावलं, “परत आल्यावर एकदा जरी ओरडलास, तर दुसरीकडे काम बघ.” पदरात दोन शाळकरी पोरं आणि हातात एवढी एकच नोकरी. तोफ मुकाट्याने गेली आणि गरीब गाय होऊन परतली.

येताना त्याने एक पितळी घंटा आणली. रोज दुपारी घंटा झाली की हातातलं काम जिथल्या तिथे सोडायचं, डोळे मिटायचे आणि दुसरी घंटा होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. मध्येच कुणी डोळे उघडले तर तो रागवत नसे. खोलीत बोलावून, हात हातात घेऊन, तासभर मायेने समजावत असे. लोकांना त्याच्या शिव्या परवडायच्या, कारण त्या मिनिटभरात संपत. ही माया काही केल्या आवरत नसे. त्यामुळे डोळे उघडायची कुणाची छाती नव्हती.

आज मालक जातीने पाहायला आले होते. संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांचं ‘धंद्यातली करुणा’ या विषयावर भाषण होतं आणि गाडीत बसून बसून कोट चुरगळला होता.

“द्या इकडे,” इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. “हां हां म्हणता करून देते.”

“सावकाश होऊ द्या, मावशी,” मॅनेजर शिबिरातल्या आवाजात म्हणाला.

मालकांनी कौतुकाने मान डोलावली. मॅनेजरच्या जिवात जीव आला, आणि त्या भरात त्याने घंटा वाजवली.

सगळे थांबले. मालकांनी डोळे मिटले आणि मॅनेजरचे दोन्ही हात घट्ट धरले. यंत्रं तेवढी घरघरत राहिली. थोड्या वेळाने मॅनेजरच्या नाकाला वास आला. करपल्याचा.

त्याने एक डोळा किलकिला केला. पलीकडच्या टोकाला मावशी डोळे मिटून उभ्या होत्या. हातातली इस्त्री त्यांनी नियमाप्रमाणे जिथल्या तिथे सोडली होती, म्हणजे कोटावर, पालथी. तिच्या कडेने धुराची बारीक रेघ निघत होती.

मॅनेजरला घाम फुटला. ओरडावं तर नोकरी जाते, न ओरडावं तर कोट जातो. दुसरी घंटा वाजवायला त्याने हात सोडवू पाहिले. मालकांना वाटलं, गडी गहिवरला. त्यांनी पकड आणखी आवळली.

“मावशी, इस्त्री उचला,” तो मृदू आवाजात म्हणाला. यंत्रांच्या घरघरीत तो आवाज कुठच्या कुठे विरला.

“शू,” मालक पुटपुटले.

धूर वाढला. वास सगळ्यांनाच येत होता, पण तासभराच्या मायेपुढे वास सोसवत होता. शेवटी मॅनेजरने छाती भरून श्वास घेतला.

“मावशी, इस्त्री!”

महिनाभर कोंडलेली तोफ होती ती. खिडक्यांची तावदानं थरथरली. मावशींनी इस्त्री उचलली. कोटाच्या पाठीवर तिचा तपकिरी ठसा टोकासकट उमटला होता.

“तू ओरडलास,” मालक गंभीरपणे म्हणाले. मग त्यांचं लक्ष कोटाकडे गेलं.

पुढचा आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू गेला असावा. “कुणाचं डोकं फिरलंय? मावशी, उद्यापासून तोंड दाखवू नका!”

“घंटा झाली की हातातलं सोडायचं, असं मॅनेजरसाहेबांनीच सांगितलंय,” मावशी रडवेल्या होऊन म्हणाल्या.

मॅनेजरच्या डोळ्यांसमोर पोरं आली. तरी तो मध्ये जाऊन उभा राहिला.

“त्यांना नका काढू, साहेब. घंटा माझी, नियम माझा. त्यांनी फक्त पाळला. काढायचं तर मला काढा. नाहीतरी मी ओरडलोच आहे.”

मालकांनी भोवती पाहिलं. सगळे डोळे आता उघडे होते आणि त्यांच्यावरच रोखलेले होते.

“मी फार मोठ्याने बोललो का?” त्यांनी हळूच विचारलं.

“यांच्यापेक्षा मोठ्याने,” मावशी नाक पुसत म्हणाल्या.

मालक मटकन खाली बसले. “आता सभेत काय घालू? घरी जाऊन यायला वेळ नाही.”

मॅनेजरने कोट उलटापालटा करून पाहिला. “साहेब, डाग पाठीवर आहे. भाषण काय, समोर तोंड करूनच द्यायचं असतं. मी येतो तुमच्या मागे.”

भाषण उत्तम झालं. संपल्यावर मालक श्रोत्यांकडे पाठ न फिरवता, मान लववून, उलट्या पावलांनी व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्या उतरू लागले. एवढ्या मोठ्या माणसाची ही नम्रता पाहून सभागृह उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. मालकांच्या पाठीला पाठ लावून मॅनेजर चालत होता आणि शिबिरातल्या त्या मृदू आवाजात सांगत होता, “अजून एक पायरी आहे, साहेब. सावकाश.”