पिकअपसाठी सत्तावीस प्रश्न

"जुन्या गाडीचा सौदा करायले चालली नं? मंग एक आयक. मालकाच्या घरी जेवू नोको. चाय पे, पानी पे, पन ताटावर बसू नोको. जेवल्यावर तोंडातून 'नाही' निंगत नाही."

शुभांगीच्या आईनं, चंद्रकलाबाईंनी, सिहोऱ्याहून फोनवर हे बजावलं तेव्हा शुभांगी चार वर्षांच्या मेघाच्या केसांतून गुंता काढत होती. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि हसली.

"आई, मी बीएस्सी अ‍ॅग्री आहे. इंजिन पाहून ठरवीन, रस्सा पाहून नाही."

"थे माहीत आहे मले. म्हनूनच तं सांगून राहिली."

शुभांगीनं ते कानाआड केलं. तिच्या मते सौदा बिघडतो तो माहिती कमी पडल्यामुळे. ती कमी पडू नये म्हणून तिनं मेघाच्या चित्रकलेच्या वहीत, मागच्या बाजूनं, सत्तावीस प्रश्न लिहून काढले होते. पहिला ब्रेकचा होता. दुसरा, तिसरा आणि चौथाही ब्रेकचाच होता, फक्त शब्द बदलून.

साकोलीहून लाखांदूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात शुभांगी आणि वीरेंद्र भाजीपाल्याची रोपवाटिका चालवत. मिरची, वांगी, टमाटर यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना पोहोचवायची. आजवर भाड्याचा टेम्पो होता. ऐन हंगामात टेम्पोवाला लग्नाच्या वराती धरून बसला आणि शेडमध्ये चाळीस हजार रोपं तयार होऊन उभी राहिली. रोप काही तांदूळ नाही, पोत्यात भरून ठेवायला. पंधरा दिवसांत शेतात गेलं नाही तर ते ट्रेमध्येच उंच, पिवळं आणि निकामी होतं.

म्हणजे पिकअप घ्यायची हे नक्की होतं. जुनी की नवी, यावरून मात्र घरात आठ दिवस स्वयंपाक करपत होता.

"जुन्या गाडीत लोखंड असते," वीरेंद्र म्हणायचा. "नव्या गाडीत पत्रा आन शिट्ट्या. दार उघडं, वाज शिट्टी. बेल्ट नाही, वाज शिट्टी. गाडी घेतो का रेफरी?"

"त्या शिट्ट्याच पाहिजेत मला. मेघा कुठं बसणार आहे? आपल्या दोघांच्या मधात. घरी तिला पाहायला कोण आहे?"

हे वीरेंद्रलाही मान्य होतं, कारण घरी खरंच कोणी नव्हतं. पण भंडाऱ्याच्या शोरूममध्ये नव्या गाडीला महिनाभर थांबावं लागणार होतं, आणि तिचे हप्ते मेघा चौथीत जाईपर्यंत चालणार होते. शेवटी असं ठरलं की साकोलीच्या भैय्यालालची जुनी पिकअप आधी पाहायची. सत्तावीस प्रश्नांत पास झाली तर घ्यायची.

रविवारी सकाळी दहा वाजता तिघं साकोलीत पोहोचले. भैय्यालाल साठीचा, उंच, मिशीला काळा रंग आणि भुवया तशाच पांढऱ्या ठेवलेला माणूस. पिकअप अंगणात धुऊन उभी होती. समोर झेंडूचा हार होता. हार जरा जास्तच मोठा होता, आणि तो नेमका उजव्या दिव्यावर का आला आहे, हे शुभांगीनं वाकून पाहिलं. दिवा फुटका होता. तिनं वही उघडली.

"ब्रेक?"

"लागते."

"लगेच?"

"बाई, रेल्वे तरी लगेच थांबते का?"

"धूर सोडते?"

"थंडीच्या दिवसात तं तुमच्याही तोंडातून निंगते."

"कधी अ‍ॅक्सिडेंट?"

"हिचा नाही. समोरच्याचा झाला होता एकडाव."

"सीटबेल्ट दिसत नाही."

"होता नं! शेजाऱ्यानं बैल बांधाले नेला."

"मग परत आणायचा ना."

"त्यानं बैल इकला."

वीरेंद्र तोंड फिरवून खोकला. शुभांगीनं वहीत 'बेल्ट – बैल' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. इतक्यात मेघा कुठं दिसेना. विहीर? रस्ता? गाडीच्या खाली? तिनं वाकून खाली पाहिलं, मागं पाहिलं, आणि मग घरातून आवाज आला, "आई, वडा!"

मेघा स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसली होती. समोर ताट, दोन्ही हातांत लाखोरीच्या डाळीचे वडे. भैय्यालालची बायको कौशल्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि ओळीनं आणखी तीन पाट मांडलेले होते.

"बसा जी पावने. पाटोडीचा रस्सा केला, गोळाभात केला."

"नाही मावशी, आम्ही घरून जेवून आलो."

"लेकरू सांगते, घरी बिस्कुट खाल्लं मने."

शुभांगीनं मेघाकडे पाहिलं. मेघानं दुसरा वडा तोंडात कोंबला. वीरेंद्र तोवर हात धुऊन बसलासुद्धा होता.

दुसऱ्या वाढपाला कौशल्याबाईंनी विचारलं, "माहेर कोठचं वो तुह्यं?"

"सिहोरा."

कौशल्याबाईंचा भाताचा हात थांबला. "सिहोऱ्यात कोनाची?"

शुभांगीनं आईचं नाव सांगितलं आणि पुढच्या पाच मिनिटांत सगळं हातातून गेलं. कौशल्याबाईंच्या मावशीचं घर चंद्रकलाबाईंच्या घराला लागून निघालं. दोघींनी एकाच बोडीच्या पाण्यात धुणी धुतली होती, एकाच झाडाच्या चिंचा पाडल्या होत्या. "चंद्रकलाची पोट्टी! आन मी तुले पावनी मनून राहिली!" कौशल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. "अवो, हे तं आपली लेक निंगाली!"

"लेक?" भैय्यालाल घास घेता घेता थांबला.

"मंग? आपल्याले दोन पोरंच. लेक कोठी आहे?"

जेवण संपायच्या आत शुभांगीची ओटी भरून झाली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. वीरेंद्रच्या डोक्यावर टोपी आली, गळ्यात दुपट्टा आला. मेघाच्या मुठीत नोट गेली आणि भैय्यालालला 'आबाजी' म्हणायचं असं तिला शिकवून झालं. शुभांगी ओटी सांभाळत विचार करत होती, की आता ज्या घरचा खण मांडीवर आहे त्या घरच्या गाडीला 'भंगार' कसं म्हणायचं? वही पाटाखाली राहिली होती. ती उघडायचीसुद्धा तिला लाज वाटली; उठताना तिनं ती गुपचूप पिशवीत टाकली.

वीरेंद्र मात्र खूश होता. "आता भाव कमी करते पाहा," तो तिच्या कानात पुटपुटला. "जवाई आहो मी."

"चाला," भैय्यालाल उठला. "चक्कर मारून आनू."

पुढं भैय्यालाल, मधे कौशल्याबाई, खिडकीशी मेघाला मांडीवर घेतलेली शुभांगी. जागा नसल्यामुळे जावईबापू मागच्या उघड्या डाल्यात, माल ठेवायच्या जागी उभे. टोपी, दुपट्टा आणि हात टपावर टेकलेला. चौकातल्या दोघातिघांनी त्याला निवडणुकीचा उमेदवार समजून नमस्कार केला. वीरेंद्रनंही तो हात जोडून घेतला.

गाडी हायवेला लागली. शुभांगीनं एका हातानं मेघाचं पोट धरलं होतं आणि दुसरा हात तिच्या कपाळापुढं, समोरच्या पत्र्याला टेकवून ठेवला होता. भैय्यालालनं एकदा त्या हाताकडे पाहिलं. मग मेघाच्या कपाळाकडे. पुन्हा रस्त्याकडे. पुढं एक म्हैस रस्ता ओलांडत होती. त्यानं पाय मारला, पुन्हा मारला, तिसऱ्यांदा मारला आणि गाडी थांबली. म्हैस निवांत गेली. भैय्यालालच्या कपाळावर मात्र घाम आला.

रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बेटा, थे तुही वही कोठी आहे?"

"आहे. काऊन जी?"

"काढ. पयल्यापासून विचार."

"पण मघाशी तुम्ही सगळं सांगितलं ना."

"मघा सांगितलं थे गिऱ्हाइकाले सांगितलं. आता लेकीले सांगतो."

शुभांगीनं वही काढली. "ब्रेक?"

"तीन डाव दाबा लागते. पावसात चार."

"गिअर?"

"दुसरा उडते. मी गुडघ्यानं धरतो."

"हे दार?"

"त्या दाराले टेकू नोको माय! सरक, सरक इकडं!"

कौशल्याबाईंनी मायलेकींना कवेत ओढलं. भैय्यालालचा आता बांधच फुटला. इंजिन एकदा पुरात बुडालं होतं. किलोमीटरचा काटा तीन वर्षांपासून एकाच जागी होता आणि तो तिथं का थांबला हे विचारू नये. स्टेपनी होती, पण तिच्यात हवा भरली की ती सुटताना शेजाऱ्याला ऐकू येई. सत्तावीस प्रश्न संपले तरी त्याची उत्तरं संपेनात. शुभांगीनं विचारले नव्हते असे आणखी नऊ दोष त्यानं स्वतःहून लिहून घ्यायला लावले.

"म्हणजे ब्रेक नीट केला तर..." शुभांगी म्हणाली. तिला स्वतःचंच नवल वाटलं. इतकं खरं बोलणारा विकणारा पुन्हा कुठं भेटणार, असा विचार करून ती चक्क ती गाडी घ्यायला निघाली होती. "आपण दुरुस्त करून घेऊ ना. मी घेते."

"तू घेशीन! पन मी देत नाही नं." त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला, तर बटण न दाबताच हॉर्न वाजला. "या गाडीत माही नातीन बसन? लोक शेण घालतीन माह्या तोंडात."

"बराबर आहे," कौशल्याबाई म्हणाल्या. "लेकीले कोनी पानी भराले फुटका गुंड देते का?"

मागून टपावर टकटक झाली. वीरेंद्र वाकून ओरडत होता, "मामाजी! चक्कर लय मोठी झाली! लाखनी गेली मागं!"

"बसून राहा जवाईबापू!" भैय्यालाल ओरडला. "भंडाऱ्याले चाललो!"

शोरूमसमोर ती पिकअप ब्रेकच्या तीन हप्त्यांत थांबली तेव्हा काचेमागची माणसं आपोआप दोन पावलं मागं सरली. रिता नावाची सेल्सवाली मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन आली. भैय्यालालनं पाणी घेतलं नाही. त्यानं शुभांगीच्या हातातली वही घेतली.

"ब्रेक?"

"सर, एकदम उत्तम."

"उत्तम नोको सांगू. किती डाव दाबा लागते थे सांग."

"एकदाच, सर."

"एकदाच?" त्यानं संशयानं कौशल्याबाईंकडे पाहिलं. मग स्वतः आत बसून दाबून पाहिला. मग कौशल्याबाईंना बसवून दाबायला लावला. मेघाला मधल्या सीटवर बसवून बेल्ट लावला आणि तो ओढून, झटकून, त्याला लोंबकळून पाहिलं. बेल्ट काढल्यावर शिट्टी वाजली तेव्हा तो इतका खूश झाला की त्यानं ती पाच वेळा वाजवून घेतली. प्रश्न विसावा येईपर्यंत रितानं खुर्ची घेतली होती.

वीरेंद्र दुपट्ट्यानं तोंडावरची धूळ पुसत शुभांगीजवळ आला. "आपण जुनी घेऊन राहिलो होतो ना?"

"आता ते देत नाहीत."

"काऊन?"

"आपण नात्यातले झालो म्हणून."

वीरेंद्रनं टोपी काढून हातात घेतली. "पण नवीला महिना लागते, शुभांगी. रोपं आठवडाभरात..."

तेच शुभांगीच्याही मनात होतं. चाळीस हजार रोपं तिच्या डोळ्यांपुढं उंच आणि पिवळी होत होती. नव्या गाडीचं बुकिंग झालं, सही झाली, पेढा खाऊन झाला, तरी तिचा चेहरा उतरलेलाच. कौशल्याबाईंनी तो ओळखला. नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"कोनती रोपं? मिरचीची?" भैय्यालाल म्हणाला. "मंग काय झालं? माही गाडी आहे नं."

"पण ती तर..."

"थे तुह्यासाठी खराब. माह्यासाठी चांगली आहे."

शुभांगीनं भाड्याचं नाव काढलं तर तो म्हणाला, "लेकीच्या घरून भाडं घेऊ?" आणि विषय संपला.

तेव्हापासून भैय्यालाल रोज सकाळी सहाला रोपवाटिकेवर येतो. ट्रे चढवतो, मेघाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि तिला गाडीला हात लावू देत नाही. मग तीच गाडी घेऊन एकटा निघून जातो. कधी लाखांदूर, कधी पवनी. वीरेंद्र म्हणतो, आता शांत झोप, मेघा घरी आहे, रोपं वेळेत जाऊन राहिली, नवी गाडी येते आहे. शुभांगीला मात्र झोप येत नाही. एका लेकराची काळजी होती, त्यात साठ वर्षांचं आणखी एक आलं. ब्रेकसाठी तिनं त्याला तीनदा मेकॅनिककडे पाठवलं. तीनही वेळा तो मेकॅनिकला गाडीत बसवून ट्रे उतरवायला घेऊन गेला.

गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, एवढं वचन तिनं त्याच्याकडून घेतलं आहे आणि ते तो कडक पाळतो. त्यामुळे आता दिवसभर कळत नाही, तो गाडी चालवतो आहे म्हणून फोन उचलत नाही, की आणखी कशामुळे.

आज तो सिहोऱ्याला गेला आहे. सकाळी सहाला निघाला, दुपारचे अडीच वाजले. म्हणून वाचकहो, तुमच्यापैकी कोणी तुमसरच्या बाजूला असाल तर शुभांगीचं एक काम करा. मिरचीच्या रोपांनी भरलेली जुनी पिकअप कुठं दिसते का, पाहा. झाडाखाली उभी असेल तर जवळ जाऊन म्हणा, तुमच्या लेकीनं विचारलं, पोहोचले का, पाणी प्याले का. आणि गाडी चालती असेल तर हात दाखवून थांबवू नका. फक्त तो ठीक दिसला, एवढं कळवा. आणि हो, पुढून बघा, पण जरा बाजूला उभं राहून.