टोप्या घातलेली द्राक्षं

या, असे जवळ बसा. आणि काय हो, भर दुपारी बोडक्या डोक्यानं आलात? रुमाल तरी टाकायचा. गेल्या वर्षापासून माझ्या दारात कुणी उघड्या डोक्यानं आलं की मी आधी बोलते आणि मग पाणी देते. का ते सांगते. माझ्या भावापासूनच सुरुवात करावी लागेल.

कडेगावकडून येताना आमच्या गावाच्या अलीकडं दिनूची द्राक्षबाग लागते. जानेवारी-फेब्रुवारीत एसटीतून जाणारी माणसं तिथं खिडकीतून माना बाहेर काढतात, कारण दिनूच्या द्राक्षांनी टोप्या घातलेल्या असतात. पांढऱ्या टोप्या, लोकरीची माकडटोपी, प्रचारात वाटलेल्या टोप्या, एका घडाला तर माझा टॉवेल फेट्यासारखा गुंडाळलेला.

दिनू म्हणजे माझा धाकटा भाऊ दिनकर. मला दिलं ते गावातल्या गावातच, त्यामुळं पासष्ट वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर आहे. द्राक्षाला ऊन लागलं की मण्यावर तांबूस डाग पडतो, म्हणून सगळेच बागायतदार घडांना कागद बांधतात. दिनूही बांधतो. पण कुठं कागद उडालेला दिसला की घरी जाऊन दुसरा आणेपर्यंत त्याला धीर निघत नाही. डोक्यावर असेल ते काढायचं आणि घडाला घालायचं. "ऊन लागंल आक्का त्याला," एवढंच बोलणार. बारा वाजेपर्यंत ह्याचं डोकं बोडकं आणि द्राक्षं नटूनथटून बसलेली.

त्याला उन्हाचं एवढं वेड की एकदा मी गच्चीवर पापड वाळत घातले, तर हा येऊन ते गुपचूप सावलीत सरकवून गेला. सगळ्यांना बुरशी आली. मी भांडले, तर म्हणाला, "मला वाटलं डाग पडंल."

बागेच्या मावळतीच्या अंगाला तो जुन्या साड्या बांधतो. गावभर फिरून गोळा करतो आणि कुठली साडी कुणाची हे त्याला पाठ असतं. विरळणीला, म्हणजे घडातले दाटीचे मणी काढायला, येणाऱ्या बायका आपापली जुनी साडी शोधतात. "अगं, ही माझी बारशाची," असं म्हणत पदर चाचपून बघतात. मी एकदा विचारलं, "दिनू, सगळ्या गावाच्या साड्या हैत, मग आपल्या सुमनची कुठं हाय?" सुमन त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिची एक मोरपंखी इरकल होती, पहिला माल निघाला त्या दिवशी नेसलेली.

"हाय घरात," म्हणाला आणि सुतळी शोधायला लागला.

तर गेल्या वर्षी खरड छाटणीच्या वेळची गोष्ट. एप्रिलात ती छाटणी झाली की मांडवावर एक पान राहत नाही. माणूस नुसता तव्यावर असतो. तेव्हा दिनूच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली दिसली. ती पडायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा धरायची. "काटकी लागली आसंल," म्हणाला. पाऊस सरला तरी काटकी लागलेलीच.

गणपतीत आरतीला आला तर कान निळा.

"हे काय रं?"

"बोर्डो लावलंय. छाटणीची जखम यानंच तर भरती."

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. वेल कापला की खोडाला फासतात ते.

"तू काय वेल हायस का रं? दवाखान्यात चल."

"आक्का, आपली कातडी उन्हात रापलेली. आपल्याला काय हुतंय?"

चार दिवस मी डोकं फोडलं. शेवटी त्याच्याच भाषेत विचारलं. "दिनू, घडातल्या एका मण्याला डाग पडला आन् तो पाच म्हैने गेलाच न्हाई, तर काय करतोस?"

"काढून टाकतो. न्हाईतर शेजारच्या मण्याला..." उठला, पाय धुतले आणि म्हणाला, "मिरजंची गाडी कितीला हाय?"

मिरजेच्या डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, पण धीराच्या. कानाचा बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्यानं सांगितलं की हा कातडीचा कॅन्सर आहे. त्या म्हणाल्या, "आजी, वेळेत आलाय. तेवढा भाग कापून काढू. आपल्या रंगाच्या माणसांत कमी होतो, पण जन्मभर उन्हात काम करणाऱ्याला होतो. कान, ओठ, मान, जिथं ऊन बसतं तिथं." मग दिनूकडं वळल्या. "डोक्यावर काही घालत नाही का?"

"घालतो की. पन ऱ्हात न्हाई."

"का?"

मी सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा होऊ शकतो, काका. आता कान झाकूनच बागेत जायचं."

कानाचा वरचा काठ गेला. टाके निघाले. पुढं वेलींना घड लागले, तेव्हा मी विट्याच्या बाजारातून परातीएवढ्या काठाची टोपी आणली, मान आणि दोन्ही कान सावलीत राहतील अशी. तिसऱ्या दिवशी बागेत गेले तर टोपी चौथ्या ओळीत लटकलेली.

"लय चांगली टोपी आणलीस आक्का," म्हणाला. "दोन घड मावल्यात."

मी बांधावर बसले आणि मला रडूच आलं. पाठीवर घेऊन वाढवलेलं पोर, आता पुन्हा त्या टेबलावर झोपवायचं का? म्हटलं, "दिनू, घडाला देणार न्हाईस आसं एक तरी कापड तुझ्या घरात हाय का न्हाई?"

त्यानं कात्री खाली ठेवली. मला वाटलं, रागावला.

दोन दिवसांनी सकाळी लांबून बागेत मोरपंखी रंग दिसला. मनात म्हटलं, सुमनची साडीपण शेवटी द्राक्षाला बांधली वाटतं. जवळ गेले तर खाली दिनू. साडी डोक्याला गुंडाळलेली, कशीबशी, आणि पदर डाव्या कानावरून खाली सोडलेला. विरळणीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "अण्णा, कुंकू ऱ्हायलं." तोही हसला.

मला हळूच म्हणाला, "सा वर्सं पेटीत ठिवली. उन्हात रंग इटंल म्हनून."

"मग आता?"

"आता इटू दे. माझ्यासंगं इटंल."

तेवढ्यात वारं आलं आणि त्याच्यासमोरच्या घडाचा कागद उडाला. त्याचा हात सवयीनं डोक्याकडं गेला. पदराला लागला. तसाच खाली आला. मग तो त्या घडाच्या पुढं जाऊन उभा राहिला, आपली सावली त्याच्यावर पडेल असा, आणि ओरडला, "आक्का, कागद आण. पळ."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला पळ म्हणतो. पळाले मी.

आता मिरजेला दर तीन महिन्यांनी जातो आम्ही. साडी तशीच डोक्यावर असते. बाईंनी बघितली, विचारलं काही नाही. बायकाही आता तोंड आणि मान नीट बांधून येतात, दिनूच बागेच्या दारात उभा राहून बघतो. साडी खांद्यावर जरा फिकी पडायला लागली आहे.

तर फेब्रुवारीत या. माल तयार असेल. सकाळी लवकर या, डोकं-कान झाकून या. आणि एक टोपी जादाची आणा, तुमची काही तो परत देणार नाही.