सगळ्यांना सारखं सांदण

कुठलंही अडलेलं काम घेऊन या, मी ते डब्याने सोडवून दाखवतो! ही बढाई नाही, अनुभव आहे. दुबईच्या एका कंपनीत मी खरेदीचं खातं सांभाळतो. गोदामवाला माल सोडत नसेल तर त्याच्याकडे आमच्या घरची बिर्याणी जाते आणि संध्याकाळपर्यंत ट्रक दारात उभा असतो. रत्नागिरीचा मोहिद्दीन रिकाम्या हाताने कोणाच्या दारात गेलेला नाही.

म्हणून बिलकीसच्या लायसन्सची मला अजिबात काळजी नव्हती. बिलकीस माझी बायको. मुंबईतून सोशल वर्कमध्ये एम.ए. केलेली, पण इथे लायसन्सशिवाय केस हातात घेता येत नाही. त्यामुळे ती काम करते त्या मदत सेंटरवर रडणाऱ्या बायकांना समजावणार ही आणि कागदावर सही करणार दुसरंच कोणीतरी. त्यात काही देशांच्या पदवीवाल्यांना नुसत्या कागदांवर लायसन्स मिळायचं आणि आपल्याकडच्यांना मात्र वेगळी तोंडी परीक्षा. बिलकीसने वसईची पॉलिन, केरळच्या दोघीतिघी, इजिप्तची एक, अशा सगळ्यांना जमवून अर्ज केला की परीक्षा जरूर घ्या, पण सगळ्यांची एकच घ्या. आणि लायसन्स देणाऱ्या ऑफिसने तो चक्क मानला! पहिल्याच दिवशी पहिला नंबर तिचा लागला. तिथे ती आपटली असती, तर मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं असतं.

एवढं सगळं पणाला लागलेलं आणि ही बाई पुस्तकं वाचत बसलेली! शेवटी मीच पुढाकार घेतला. शेजारच्या जहांआराभाभींकडून सांदण करून घेतलं, आमच्या कोकणातल्या गोड इडलीसारखं, नारळाच्या दुधातलं, लोण्यासारखं मऊ. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचा डबा परीक्षामंडळाच्या प्रमुख एमान मॅडमच्या नावाने रिसेप्शनवर ठेवून आलो. वर चिठ्ठी लावली, 'बिलकीसच्या मिस्टरांकडून, आदराने.'

रात्री जेवताना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बिलकीसच्या हातातला घास हातातच राहिला.

"वर्षभर मी एकच सांगतेय, आम्हाला वेगळं वागवू नका," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या नावाने डबा देऊन आलात? याला लाच म्हणतात."

मी म्हटलं, "लाच कसली, सांदण आहे."

"अब्बा, इट्स लिटरली अ ब्राइब," फोनमधून डोकं वर न काढता आमची फिझा म्हणाली.

बिलकीस उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. जगाची रडणी ऐकणारी माझी बायको त्या दाराआड स्वतः रडत होती. मला फार वाईट वाटलं.

पण मी हात बांधून बसणारा माणूस नाही. घोडं कुठे पेंड खातंय, ते मी शोधून काढलं. डबा एकीच्याच नावाने गेला, बाकीच्यांच्या नावाने गेला नाही, ही खरी तक्रार! मग सगळ्यांच्या नावाने डबे गेले की झाली समानता. भाभींना पुन्हा साकडं घातलं. सकाळी बिल्डिंगमधल्या यच्चयावत शेगड्या पेटल्या. बिलकीस केव्हाच निघून गेली होती. मी मागची सीट डब्यांनी भरून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये घुसलो. प्रत्येक ब्रेकला डबे एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि गाडीत लग्नघरासारखा वास सुटला होता.

ऑफिसात पोहोचलो तेव्हा उमेदवार बायका बाहेर बसलेल्या होत्या. मी टेबलावर डबे ओळीने मांडले. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "भाई, ये किसका है?"

"सबका है," मी म्हटलं. "बराबर-बराबर."

बायकांना वाटलं, ऑफिसकडूनच नाश्ता आहे. मीही कोणाचा गैरसमज दूर केला नाही. पॉलिनने दोन सांदणं खाल्ली, इजिप्तवालीने रेसिपी विचारली. एवढ्यात आतलं दार उघडलं आणि कालचा डबा हातात धरून एमान मॅडम बाहेर आल्या. मागे बिलकीस होती.

"हू इज मिस्टर बिलकीस?"

मी हात वर केला. मॅडमनी टेबलावरचे डबे बघितले, त्यांच्यावर लावलेली उमेदवारांची नावं वाचली, मग तोंडं हलणाऱ्या त्या बायकांकडे बघितलं. सगळ्याजणी चघळायच्या थांबल्या. आता सगळ्यांचीच परीक्षा थांबवून चौकशी करावी लागेल, असं मॅडम म्हणाल्या. मी माझ्या बायकोला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं, आणि सोबत तिच्या मैत्रिणींनाही.

बिलकीस पुढे आली. तिचा आवाज जराही हलला नाही.

"मॅडम, डब्याचं मी आत येताच तुम्हाला सांगितलं. हे डबेही माझ्याच घरचे आहेत. या बायकांना काही माहीत नाही, त्यांना यात धरू नका. माझी परीक्षा सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर घेऊ नका." मग तिने माझ्याकडे बघितलं. "आणि हा माणूस लाच देत नाही. त्याला माया दाखवायची दुसरी रीतच येत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला काम करताना कधी बघितलं नव्हतं. ते त्या दिवशी बघितलं. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हातात डब्याचं झाकण होतं.

एमान मॅडमनी कालचा डबा टेबलावरच्या ओळीत नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, सांगायला हवं होतं ते हिने कोणी विचारायच्या आधीच सांगितलं, चौकशी संपली. परीक्षा झाली. सगळ्यांना तेच प्रश्न होते आणि बिलकीसला शेवटी बसवलं. ती पास झाली, पॉलिनही झाली. डबे मात्र नियमाप्रमाणे मला परत मिळाले, आणि आठवडाभर आमच्याकडे नाश्त्याला दुसरं काही झालं नाही.

आता त्या ऑफिसच्या दारावर एक पाटी लागली आहे. कोणीही खाद्यपदार्थ आणू नयेत, असं अरबीत आणि इंग्रजीत लिहिलंय. खाली मराठीतही आहे. ते मॅडमनी मुद्दाम बिलकीसकडून लिहून घेतलं, लायसन्स मिळाल्यानंतरचं तिचं पहिलं सरकारी काम. मराठीत एक वाक्य जास्त आहे, 'हा नियम नवऱ्यांनाही सारखाच लागू आहे.' अरबीत आणि इंग्रजीत ते नाही, अरबी मजकूर मी सिक्युरिटीवाल्याकडून दोनदा वाचून घेतला.