बोरीवरची इंदू आणि मध्ये नसलेली नदी

एका जंगलात नदी नव्हती. डोंगरही नव्हता. एक वाघ होता, पण तो या गोष्टीत येणार नाही, तेव्हा निश्चिंत बसा.

त्या जंगलात एक बोरीचं झाड होतं आणि झाडावर माश्या राहायच्या. चहाच्या कपावर बसतात त्या माश्या नव्हेत, मुलांनो. या फळमाश्या. अंगानं पिवळसर, पंखांवर नक्षी आणि स्वभावानं अतिशय घरंदाज. बोरीवर राहायच्या म्हणून आडनाव बोरकर लावायच्या.

बोरकरांची रीत साधी होती. आईनं एका बोरात एक अंडं घालायचं. त्यातून अळी निघायची. तोंडं वाकडी करू नका, तुम्ही खाल्लेल्या बोरांतही एखादी असेल. बरं, जाऊ दे, नाही म्हटलं मी ते. तर ती अळी बोराचा गर खाऊन मोठी व्हायची, झाडाखालच्या मातीत उतरून झोपायची आणि पुढच्या मोसमाला पंख लावून वर यायची. वर आली की सरळ बोराच्या वासाकडे जायची. दुसरं घर तिला माहीतच नसायचं.

लग्नंही बोरावरच लागायची. मुलानं पिकल्या बोरावर बसून पंख हलवायचे. मुलीनं त्याच बोरावर उतरायचं. बोराच्या वासात मुलगा बरा वाटला की झालं. पत्रिका नाही, देणंघेणं नाही, पोहेही नाहीत. पण फळ हवंच. फळाशिवाय लग्न, हा विचारसुद्धा बोरकरांना अंगावर पाल पडल्यासारखा वाटायचा.

आता तुमचे सायन्सचे सर म्हणतील की माश्या एवढ्या जगत नाहीत, आईबापांना मुलांची लग्नं बघायला मिळत नाहीत. सरांना वर्गात म्हणू द्या. ही गोष्ट आहे.

तर कधीतरी एका वाटसरूनं त्या बोरीशेजारी बसून पेरू खाल्ला आणि बिया तिथंच थुंकल्या. पेरूचं झाड आलं. मोठं झालं. त्याची एक फांदी बोरीच्या फांदीला जाऊन टेकली.

पुढं एका वर्षी बोरं कमी लागली. कुसुम बोरकर नावाची एक माशी अंडं घेऊन अख्खी बोर पालथी घालून आली. ज्या बोरावर उतरावं त्यावर आधीच कुणीतरी घर केलेलं. थकून ती टेकलेल्या फांदीवरून पलीकडे गेली आणि एका पेरूत अंडं घालून मोकळी झाली.

घरात केवढा गोंधळ. तिच्या भावानं तर अन्न सोडलं. कुसुम लांब जाणार, नातं तुटणार, म्हणून तो डोळे पुसत होता. कुसुमला हसू आलं.

"दादा, तू शिंकलास तरी मला तिथं ऐकू येतं," ती म्हणाली. "मी काय नदीपलीकडे चाललेय का?"

ते सगळ्यांना पटलं. नाती अंतरानं तुटतात, आणि इथं अंतरच नव्हतं. तरी खबरदारी म्हणून दोन गोष्टी ठरल्या. एक, दर मोसमाला बोरीची एक मुलगी पेरूवर द्यायची. पेरूवर जी कुणी वडीलधारी असेल तिला बोरीनं आत्या म्हणायचं. दुसरी, ती टेकलेली फांदी जिवापाड जपायची. तेव्हापासून एखादं वानर त्या फांदीवर बसलं की झाडून सगळे बोरकर त्याच्या कानात शिरायचे. वानर बिचारं डोकं हलवत निघून जायचं. नातं सुरक्षित.

कुसुमची मुलं पेरूत वाढली. ती मातीतून वर आली तेव्हा त्यांना कुठला वास घरचा वाटला असेल, सांगा बघू. बरोबर. पण त्या वासावर कुणी कधी पहारा ठेवला नव्हता.

पिढ्या गेल्या. पेरू बोरांच्या आधी पिकायचे, म्हणून पेरूवरची मुलं मातीतून लवकर वर यायला लागली. बोरीच्या मुली डोळे चोळत वर यायच्या तोवर पलीकडची बरीचशी मुलं लग्न होऊन पोक्त झालेली असायची. सुरुवातीला मुली द्यायला काही अडचण आली नाही. मग जरा ओढाताण व्हायला लागली. मग मुली लग्नानंतर माहेरी निघून यायला लागल्या. पेरूवाल्यांनी मध्येच कधीतरी पेरूकर लावायला सुरुवात केली. बोरकरांनी ते मनाला लावून घेतलं, पण बोलले नाहीत. फांदी मात्र दोघांनी मिळून राखली.

शेवटी अशी वेळ आली की दोन मोसम एकही लग्न जमलं नाही.

त्या वेळी बोरीवर अण्णा बोरकर कर्ते होते. त्यांची मुलगी इंदू. पेरूवर आत्या होत्या त्या सुमनआत्या, आणि त्यांचा मुलगा रंजन. अण्णांनी ठरवलं की काही झालं तरी इंदू पेरूवर जाईल. आपल्या हातून नातं तुटलं, असं त्यांना मरताना वाटायला नको होतं. इंदूला कुणी विचारलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की बोरं सुरकुतायला लागलीत. बोरं संपली की मोसम संपला. ज्या मुलीचं तोवर जमलं नाही तिला ना घर, ना अंडं, ना पुढची पिढी.

रंजन वाईट होता का? मुळीच नाही. तो त्या टेकलेल्या फांदीवर यायचा, इंदू यायची, दोघं तासन्‌तास बोलायची. सुमनआत्या किती घोरतात ते तो करून दाखवायचा. इंदू हसून हसून फांदीवरून घसरायची. बघणाऱ्याला वाटावं, ठरलंच.

पण फळाशिवाय लग्न नाही. म्हणून बघण्याचा कार्यक्रम आधी पेरूवर झाला. इंदू पेरूवर उतरली आणि शिंकायला लागली. वास तिच्या डोक्यात गेला. त्यात पेरू केवढा. रंजन त्याच्या एका बाजूला पंख हलवत उभा, ही दुसऱ्या बाजूला. ती त्याला शोधत पेरूभोवती फिरत राहिली, तोही तिला शोधत फिरत राहिला. संध्याकाळी दोघं दमून घरी गेली. सुमनआत्या म्हणाल्या की मुलगी चांगली आहे, पण जरा फिरस्तीच आहे.

अण्णांना हे काही खरं वाटेना. कुठंतरी कसला तरी अडथळा असणार, तो कुणीतरी घातलेला असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी जंगलाच्या पंचायतीकडे अर्ज केला. पंचायतीनं लगेच अभ्यास समिती नेमली. तेवढं एक काम पंचायत लगेच करायची.

समितीचे अध्यक्ष धनेश पक्षी. चोच इतकी मोठी की त्यांनी नुसती मान हलवली तरी मुद्दा मांडल्यासारखं वाटायचं. सदस्य म्हणून एक साळिंदर. समितीनं नदी शोधली. सापडली नाही. डोंगर शोधला. भिंत शोधली. मग धनेश स्वतः बोरीवरून पेरूवर उडून बघायला निघाले, तर पंख नीट उघडायच्या आतच पेरू आला आणि चोच आपटली.

त्यांनी चोच चोळत निष्कर्ष दिला. अडथळा नाही, सबब भेदही नाही. बोरकर आणि पेरूकर एकच. हे सिद्ध करण्यासाठी इंदू आणि रंजन यांचा विवाह समितीच्या देखत, या खेपेस बोरावर, लावण्यात येईल.

अण्णांना भरून आलं. शिकलेल्या पक्ष्यानं सांगितलं म्हणजे होणारच.

लग्नाच्या आदल्या दिवशी इंदू एकटीच फांदीवर गेली. तिथं बापू बसला होता. बापू कोण, ते सांगायचं राहिलंच. मुली माहेरी परतायला लागल्यावरही बोरीची एक मुलगी पेरूवर टिकली होती, तिचा हा मुलगा. दोन्ही घरचा. दोन्हीकडचे निरोप हाच पोचवायचा, दोन्हीकडचे विनोद यालाच यायचे. दिवसभर तो फांदीच्या मधोमध बसून असायचा. सगळ्यांना वाटायचं, किती मजेत आहे.

इंदूनं त्याला विचारलं की त्याचं लग्न का नाही झालं.

"मला दोन्ही वास येतात ना," बापू म्हणाला. "दोन्ही अर्धे. मग जाऊ कुठं? बोरावर बसलो तर वाटतं, इथं काहीतरी कमी आहे. पेरूवर बसलो तरी तेच."

"पण तुला तर दोन्ही घरं बोलावतात."

"बोलावतात गं. बसायला कुणी सरकत नाही."

हे तो हसतच म्हणाला. इंदूला हसू आलं नाही. तिला अचानक आपली न झालेली मुलं दिसली. ओळीनं त्याच फांदीवर बसलेली, हुशार, विनोदी, सगळ्यांची लाडकी.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. मांडव म्हणजे एक बोर, त्यातल्या त्यात कमी सुरकुतलेलं. बोरकर एका बाजूला, पेरूकर नाकं मुरडत दुसऱ्या बाजूला, समिती वरच्या फांदीवर. रंजन बोरावर उतरला आणि घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. जन्मभर पेरूवर चालण्याची सवय, एवढ्याशा बोरावर पाय ठरेनात. पेरूकरांतली कुणी म्हातारी म्हणाली की मंडपवाल्यानं फारच हात आखडता घेतलाय. शेवटी रंजननं बोराला चार पायांनी मिठी मारली आणि उरलेलं अवसान आणून पंख हलवायला लागला.

इंदू त्याच्यासमोर उतरली. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. पंखांवरची नक्षी तीच. रंग तोच. डोळे तर तिच्यापेक्षा छान. तिनं वाट बघितली. रंजननंही बघितली. दोघांनाही काही झालं नाही.

"काय गं, कसं वाटतंय?" रंजननं हळूच विचारलं.

"बरं वाटतंय. तुला?"

"मळमळतंय," तो म्हणाला. "तुझ्यामुळं नाही हं. बोरामुळं."

इंदू वळली आणि अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.  एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"अण्णा, रंजन फार चांगला आहे," ती म्हणाली. "पण शेजारच्या शेवग्यावरचा भुंगाही चांगला आहे. त्याच्याशी नाही ना तुम्ही माझं लग्न लावत."

 अण्णा म्हणाले, "अगं, तो आपल्या आत्याचा मुलगा."

"आत्या म्हणायचं ठरलंय म्हणून आपण म्हणतो, अण्णा. उद्यापासून मी त्यांना सुमनकाकू म्हणेन. शेजारच्या सुमनकाकू. मला आवडतात त्या. पण माझी मुलं मला मधल्या फांदीवर बसवायची नाहीत."

फांदीवरून बापूनं मान डोलावली. अण्णा खाली बसले. एवढ्या पिढ्यांनी राखलेलं नातं त्यांच्याच देखत, त्यांच्याच मुलीनं सोडलं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेरूकरांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. सुमनआत्यांनी तर लगेच पंख झटकून निघायची तयारी केली.

इंदूनं त्याच दुपारी बोरीच्या दक्षिणेच्या फांदीवरच्या एका साध्यासुध्या मुलाचं बोर गाठलं. त्याला विनोद येत नव्हते. पण ती उतरली आणि तिला घरी आल्यासारखं वाटलं. शेवटच्या काही बोरांतलं एक तिला अंड्यासाठी मिळालं. मोसम गेला नाही. रंजनही खूश होता, त्याला बोरावरून उतरता आलं होतं.

अडचण झाली ती समितीची.

समितीनं लिहून दिलं होतं की अडथळा नाही, सबब भेदही नाही. आता भेद तर सगळ्या जंगलानं डोळ्यांनी पाहिला. अहवाल खोटा पडणार म्हणून साळिंदराचे काटे उभे राहिले. धनेशांनी बराच वेळ चोच हलवून विचार केला.

"भेद आहे, म्हणजे अडथळा असलाच पाहिजे," ते म्हणाले. "तो जागेवर नाही, ही जागेची चूक आहे."

साळिंदराला खणता येत होतं. त्यानं दोन झाडांच्या मधोमध एक चर खणला. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं. बेडूक आले. समितीनं तिथं पाटी लावली, 'सीमा'. अहवाल दुरुस्त झाला. अडथळा आहे, सबब भेद आहे. पंचायतीनं समितीचा सत्कार केला.

आणि मुलांनो, खरी गंमत तर पुढंच आहे. चर झाल्यावर अण्णांचा जीव हलका झाला. कुणी विचारलं की पेरूकडचं येणंजाणं कसं काय थांबलं, तर ते आता मान खाली घालत नसत. चराकडे बोट दाखवून म्हणत, काय करणार, मध्ये एवढं पाणी. पलीकडे सुमनकाकूही तेच सांगायच्या. दोघं रोज सकाळी त्या चरावरून उडत एकमेकांकडे जायची, तासभर बसायची आणि हा चर नसता तर किती बरं झालं असतं, यावर हळहळून परत उडत आपापल्या घरी यायची.

पुढच्या वर्षी जंगलातल्या शाळेत धडा लागला. 'पूर्वी या दोन झाडांच्या मध्ये एक मोठी नदी वाहत असे. तिच्यामुळे फळमाश्यांच्या दोन जाती झाल्या.' परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. बापूच्या फांदीखाली बसून पोरं तो पाठ करायची. बापू त्यांना एकदा म्हणाला की नदीबिदी काही नव्हती रे, मी इथंच होतो. पोरांनी त्याला विचारलं की हे पुस्तकात कुठं दिलंय. 

आता तात्पर्य ऐका, म्हणजे उठायला मोकळे.

वेगळं व्हायला अंतर लागत नाही, नुसती जेवणाची चव वेगळी असली तरी भागतं. पण वेगळं झाल्यावर लोकांना सांगायला मध्ये काहीतरी लागतं. तेव्हा नात्यांची फार काळजी असणाऱ्यांनी फांद्या राखत बसू नये. वेळेवर एक चर खणून ठेवावा.