देशकर सरांचा वेढा

देशकर सर बाजारात भांडत ते भावावरून नव्हे, क्रियापदावरून. कोथिंबिरीची जुडी उचलून भाजीवाली विचारी, "कागदात गुंडाळून देऊ काय, गुरुजी?"

"गुंडाळतात सतरंजी! ही कोवळी आहे, हिला वेढायचं असतं."

"तुमी बाजूले व्हा बरं. मांगं गिऱ्हाइकं उभी हायेत."

सर मराठीचे निवृत्त शिक्षक. निम्मं दिग्रस त्यांच्या हाताखालून गेलेलं. 'वेढणे' हा त्यांचा लाडका शब्द. "बोटातलं वेढं, लुगड्याचे वेढे, गडाचा वेढा, सगळी एकाच घरची भावंडं," असं ते स्टँडवर कुणालाही समजावत आणि त्याची एसटी चुकवत.

मी तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होतो. त्या वर्षी कापसाचा भाव पार कोसळला होता. त्यात एका दुपारी मालाची प्रत ठरवणाऱ्या आमच्या नव्या ग्रेडरनं कापूस ओला म्हणून बैलगाड्यांमागून बैलगाड्या नाकारल्या आणि आवार खवळलं. आम्ही दोघं काट्याच्या खोलीत शिरलो, कडी लावली. पत्र्यावर दगड वाजू लागले. खिडकीतून पाहिलं तर गजानन नावाचा शेतकरी कापसाच्या गंजीपाशी काडेपेटी काढून उभा.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सर आले.

"सर, तुमी मधात येऊ नका," गजानन ओरडला. "आज याले सोडत नाही आमी!"

"बरं. पण वारा तुमच्या गाड्यांकडे आहे. बैल सोडलेत का?"

गजाननानं गाड्यांकडे पाहिलं. काडी ओढली नाही, पण पेटी हातातच राहिली.

मी कडी काढून सरांना आत घेतलं. ग्रेडर कोपऱ्यात बसला होता. "सर, चारी बाजूंनी वेढलंय हो."

"शब्द बरोबर वापरलात," सर म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. "पण जुन्या कवितेत आईसुद्धा लेकराला वेढते. उठा."

त्यांनी अंगावरची शाल काढली, त्याच्याभोवती घातली, खांद्यावर हात टाकला आणि त्याला घेऊन सरळ बाहेर पडले. कुठूनसा एक दगड आला. सरांच्या कपाळावरून रक्त भुवईत उतरलं. हात मात्र त्यांनी काढला नाही.

"काहून मारता रे? सर हायेत ते!" गजाननानं पेटी भिरकावली आणि तोच पुढं होऊन वाट करू लागला. गर्दी फाकत गेली.

संध्याकाळपर्यंत मालकानं कापूस आवारातच वाळवून मोजायचं कबूल केलं. भाव तोच राहिला.

यवतमाळच्या गाडीवर बसवून द्यायला मी ग्रेडरला आणायला सरांच्या घरी गेलो. कपाळाला पट्टी बांधलेले सर त्याला दुसऱ्यांदा भात वाढत होते. हात धुऊन तो दाराशी आला, चपला घातल्या.

"गाडी उद्याही आहे," सर पाठमोरेच म्हणाले. भांडी आवरता आवरता थांबले. "आमची ही गेल्यापासून या घरात दुसरं ताट काढलं नव्हतं मी."

ग्रेडरनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं हळूच चपला पुन्हा काढल्या.