गायकवाड साहेबांचं सहमचं पार्किंग

मस्कतला पाहुणे आले की लोक त्यांना मोठी मशीद दाखवतात, मत्राहचा बाजार दाखवतात, संध्याकाळी समुद्रावर नेतात. आमचे गायकवाड साहेब पाहुण्यांना पार्किंग दाखवायचे.

थट्टा नाही. माझे सासरे खेडहून आले होते तेव्हाची गोष्ट. गायकवाड साहेब आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. "मामांना जरा फिरवून आणतो," म्हणाले आणि घेऊन गेले. म्हातारा परत आला तो कपाळावर आठ्या घेऊन. मला बाजूला घेऊन विचारतो, "मानूस चांगला हाय रे, पन मना उन्हात फरशी कशाला दाखवलान?"

ती फरशी म्हणजे एका मॉलचं काँक्रीटचं पार्किंग. ते साहेबांनी बांधलं होतं. मॉलच्या आत सासऱ्यांना त्यांनी नेलंच नव्हतं. आत बघण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी निसार. मस्कतच्या गाला भागात एका बांधकाम कंपनीत खरेदी खात्यात होतो. गायकवाड साहेब तिथेच सिनियर इंजिनियर. मूळचे परभणीचे, आखातात आयुष्य गेलेलं. आधी इब्रीला होते, मग मस्कतला. इमारती, पूल वगैरे मोठी कामं इतरांनी करावीत. साहेबांचा जीव जमिनीवरच्या स्लॅबमध्ये. त्यातही पार्किंग. "इमारतीकडे माणूस मान वर करून बघतो," ते म्हणत. "पार्किंगकडे बघतच नाही कुणी. उन्हात ते बिचारं पडलेलं असतं, अन् वरून गाड्या." डांबराचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "डांबराला इथं मे महिन्यात घाम फुटतो. माणसाची चप्पल ओढून ठेवतंय. ते काय पार्किंग आहे का?"

स्लॅबला ते 'ती' म्हणत, आणि आईने तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात तिला लावत. आणि ऑफिसात कुणीही कसलीही तारीख ठरवली, की त्यांचा एकच प्रश्न यायचा: "स्लॅब को पूछा क्या?"

आमचे मॅनेजर वर्गीस एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, "गुरुवारी गाड्या सोडू." कोपऱ्यातून आवाज आला, "स्लॅब को पूछा क्या?" मग हे वाक्य साऱ्या ऑफिसचं झालं. कुणी सुट्टी मागितली की विचारायचं, स्लॅबला विचारलं का. टी-बॉय चहा उशिरा आणायचा आणि स्लॅबचं नाव सांगायचा. साहेबांना राग येत नसे. आपलं म्हणणं लोकांना पटतंय, अशीच त्यांची समजूत होती.

घरी ते एकटे असायचे. बायको परभणीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. मुलगी तिकडेच शिकली, तिकडेच तिचं लग्न झालं. शुक्रवारी साहेब गॅलरीत उभं राहून घरी फोन करायचे, तो आम्हाला वर ऐकू यायचा. "जेवण झालं? हां. पाऊस? हां. बरं. ठेवू?" एवढाच. माझी बायको मुमताज म्हणायची, "ह्यापेक्षा जास्त तर ते त्या स्लॅबशी बोलतात."

मग सहमचं काम आलं.

सहम म्हणजे मस्कतहून सोहारच्या वाटेवर, समुद्राकाठी. एका बाजूला खजुराच्या आणि लिंबांच्या बागा, दुसऱ्या बाजूला हमरस्ता. तिथल्या एका बागायतदाराने मोठं सुपरमार्केट बांधलं होतं. त्याला सगळे अबू हमद म्हणत. पांढरी दाढी, हातात काठी, आणि हिंदी आमच्यापेक्षा झकास. दुकानापुढचं पार्किंग आमच्या कंपनीकडे होतं, आणि ते ईदच्या आत त्याला हवं होतं. दिवस ऐन उन्हाळ्याचे.

साहेबांनी ठरवलं, काँक्रीट पहाटे ओतायचं आणि ऊन चढायच्या आत आटपायचं. पण पहिल्याच दिवशी काँक्रीटच्या गाड्या वाटेत खोळंबल्या. त्या आल्या तेव्हा सूर्य चांगला वर आला होता, आणि वाळवंटाकडून तो भट्टीसारखा वारा सुटला होता. साहेब गाडीजवळ गेले, पन्हळीतल्या काँक्रीटला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. वर्गीस फोनवर ओरडत होते, "यल्ला, यल्ला, ओता!" मजूर ताटकळलेले. साहेबांनी शेवटी मान हलवली.

दुपारी स्लॅबवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसायला लागल्या. बारीक होत्या. मला तर दाखवल्यावर दिसल्या.

वर्गीस दुसऱ्या दिवशी आले, वाकून बघितलं. "काही नाही, वरून भरून घ्या. पट्टे मारले की कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे फोडायची."

वर्गीस आधी हसले, मग भडकले. कामाला उशीर झाला तर वर काय तोंड दाखवू, म्हणाले. तुमचा व्हिसा रिन्यूअलला आलाय, तुमचं वय झालंय, हेही ऐकवलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाले, "निसारभाई, गाडी काढा. अर्बाबकडे जाऊ."

अर्बाब म्हणजे मालक, अबू हमद. तो बागेत होता. आम्हाला बसवलं, कहवा दिला, खजूर पुढे केले. साहेबांनी खजूर हातात धरला, तोंडात नाही घातला.

"अर्बाब, स्लॅब खराब हुआ. मेरा गलती. ओतने को मैंने हां बोला."

अबू हमदने विचारलं, "गाडी खडा होगा?"

"होगा. दो साल."

"बाद में?"

"बाद में आप मेरेको याद करेगा. अच्छा वाला याद नहीं."

म्हाताऱ्याने कहव्याचा पेला खाली ठेवला. चूक झाली म्हणून आपल्या पायांनी सांगायला आलेला कंत्राटदाराचा माणूस त्याने बहुतेक पहिल्यांदाच बघितला असावा. मग काठी जमिनीवर आपटून म्हणाला, "तोड दो. खलास. वर्गीस को मैं बोलेगा. लेकिन ईद?"

साहेबांनी 'इन्शाल्ला' म्हटलं. हा शब्द ते एरवी चुकूनही वापरत नसत. तारखेला 'इन्शाल्ला' जोडला की ती तारीख गेली, असा त्यांचा अनुभव होता.

फोडताना साहेब तिथे थांबले नाहीत. ब्रेकरचा आवाज सुरू झाला तसे रस्त्यापलीकडच्या कॅफेटेरियात जाऊन पाठ करून बसले. चहा मागवला, तो तसाच निवून गेला.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी मला पळवलं. "निसारभाई, बर्फ पाहिजे." मला वाटलं माणसांना प्यायला. तर नाही, काँक्रीटच्या पाण्यात घालायला. तेही गाडी भरून. सहमला एवढा बर्फ कुठे मिळणार? मासळीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यात. मी तिथे गेलो आणि माझी ऑर्डर सांगितली. कारखान्यातला माणूस आमच्या रत्नागिरीकडचाच निघाला. त्याने डोळे मोठे केले. "एवढा? लाँच कुठली तुमची? काय, सुरमई गावली काय?" मी म्हटलं, पार्किंग आहे. त्याने आतल्या माणसांना हाक मारून ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं.

त्या पहाटे सगळं वेळेवर झालं. वाऱ्याच्या बाजूला साहेबांनी ताडपत्र्या उभ्या बांधून घेतल्या होत्या. ऊन वर आलं तोवर स्लॅब ओल्या गोणपाटाखाली झोपलेली होती. नंतर कितीतरी दिवस तिला पाणी पाजणं चाललं. टँकरवाला पठाण कंटाळून म्हणाला, "साब, इतना पानी तो मेरा ऊंट भी नहीं पीता."

ईद जवळ आली. दुकान उघडलं, सेल लागला, गर्दी लोटली. स्लॅब मात्र अजून तयार नाही, असं साहेबांचं मत. दोर बांधला तर लोक तो सोडून आत गाडी घालायचे. तेव्हा साहेबांनी प्लॅस्टिकची खुर्ची मागवली आणि छत्री घेऊन स्वतःच पार्किंगच्या तोंडाशी बसले. लोक हॉर्न वाजवायचे, हे हात जोडायचे. लोक रस्त्याकडेला गाड्या लावून, पिशव्या सांभाळत, आमच्या नावाने बोटं मोडत चालत जायचे.

तेवढ्यात अबू हमदची मोठी पांढरी गाडी आली. काच खाली झाली.

"मेरा दुकान, मेरा जमीन," म्हातारा म्हणाला. "मैं भी नहीं?"

साहेब खुर्चीतून उठले. "अर्बाब, खजूर का छोटा झाड लगाया, तो दूसरे दिन हिला के देखता है क्या, जड़ लगा कि नहीं?"

अबू हमदने काच वर केली. मला वाटलं, संपलं, रिन्यूअल गेलं. गाडी मागे गेली, रस्त्याकडेला लागली, आणि म्हातारा काठी टेकत उन्हातून चालत आला. साहेबांच्या छत्रीत उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हारा बीवी कैसे रहता है तुम्हारे साथ?"

"नहीं रहता, अर्बाब," साहेब म्हणाले. "इंडिया में रहता है."

म्हातारा हसणार होता, हसला नाही.

पार्किंग झालं. रिन्यूअलही झालं, त्यात अबू हमदचा शब्द होता असं ऑफिसात बोललं गेलं. आणि त्याच वर्षी गायकवाड मॅडम रिटायर होऊन मस्कतला आल्या.

मॅडम म्हणजे विशाखाताई. उंच, ताठ, चष्म्यातून असं बघायच्या की माझा हात आपोआप शर्टाचं वरचं बटण तपासायचा. साहेबही त्यांना 'मॅडम'च म्हणायचे. मुमताज पहिल्याच आठवड्यात सांदणं घेऊन खाली गेली आणि विचारात पडून वर आली. "खाली दोगं हायत, पन आवाज एकाचाय येत नाय. भांडत पन नाय हो."

काही दिवसांनी ऑफिसात साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कुठल्या मालाची चौकशी करायची असेल म्हणून मी फाइल काढली.

"निसारभाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही वहिनींशी काय बोलता हो? म्हणजे, रोज?"

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. "मी कुठे बोलतो, साहेब? ती बोलते. मी ऐकतो."

त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. "आमच्याकडे दोघंही ऐकायच्या तयारीत बसतो," म्हणाले आणि गेले.

हिवाळ्यात एका शुक्रवारी मी सहमला निघालो होतो, चुलतभावाकडे. सकाळची वेळ. जुम्म्याची नमाज होईपर्यंत अबू हमदचं दुकान बंद असतं. म्हटलं, जाता जाता साहेबांची स्लॅब बघू. बघतो तर रिकाम्या पार्किंगमध्ये साहेबांची जुनी गाडी गोल गोल फिरत होती. घाण्याला जुंपल्यासारखी फिरत होती, मध्येच गचके खात, मध्येच बंद पडत. स्टिअरिंगवर विशाखाताई, पदर खोचून. साहेब बाजूला उभे.

मला बघून ते ओशाळले. "मॅडमना गाडी शिकायचीय. अर्बाबला विचारलंय मी."

"पण इंडियात परत गेल्यावर स्टिअरिंग उजवीकडे असणार ना, साहेब?"

"असणार की."

"आणि एवढ्या लांब कशाला? मस्कतमध्ये काय रिकामी पार्किंगं नव्हती?"

मी हे थट्टेनेच विचारलं होतं. मनात म्हटलं, आता स्लॅबचं कौतुक ऐकावं लागणार. साहेबांनी गाडीकडे पाहिलं. ती पुन्हा बंद पडली होती आणि मॅडम किल्लीशी झगडत होत्या.

"आहेत की. पण इथं यायला दोन तास लागतात, जायला दोन तास," ते म्हणाले. "घरात समोरासमोर बसलं की काही सुचत नाही हो. तोंडाकडे बघावं तर ओळख पटत नाही धड. गाडीत दोघांचीही तोंडं रस्त्याकडे. वाटेतलं बरका गाव जाईपर्यंत गप्पच असतो आम्ही. सुवेक गेलं की त्या सुरू होतात."

"काय बोलतात?"

"जे जे झालं ते सांगतात. पहिल्यापासून. मी नव्हतो ना कशाला." ते थोडे हसले. "मागच्या वेळी आमची परभणीची खोली झाली. माझे वडील आजारी पडले ते झालं. येताना मुलीचं बारसं."

गाडी गचका खाऊन आमच्यापाशी येऊन थांबली. विशाखाताईंनी मला नमस्कार केला, मुमताजची चौकशी केली, आणि खाली उतरून दुसऱ्या बाजूने जाऊन बसल्या. "चला आता," त्या साहेबांना म्हणाल्या. "दमले मी. राहिलेलं सांगायचंय अजून."

साहेबांनी स्टिअरिंगवर बसून आरसा नीट केला. मी खिडकीशी वाकून विचारलं, "आज कुठवर आलंय?"

"आज ती शाळेत जायला लागणार आहे," साहेब म्हणाले.

गाडी हमरस्त्याकडे वळली. मॅडमनी बोलायला सुरुवात केलेली होती. त्यांचा एक हात सीटच्या थोडासा वर, हवेत स्थिर धरलेला होता, मुलगी तेव्हा केवढी होती ते दाखवत. साहेब रस्त्याकडे बघायचे, मग त्या हाताकडे, मग पुन्हा रस्त्याकडे.